दिनूची जीभ जड नव्हती

आमचे वडील, आबा, सपरीत बोलायला बसले की गावातली कुत्रीसुद्धा ऐकायला येतात, असं माय मोठ्या अभिमानानं सांगायची. कुत्री येत, हे खरं. ती चहाबरोबर वाटल्या जाणाऱ्या शेवेसाठी येत हे मला फार लहानपणी कळलं, आणि माणसंही त्याच कारणानं येतात हे कळायला त्यानंतर वेळ लागला नाही. सपरी म्हणजे आमच्या घराची पुढची, रस्त्याकडे उघडी असलेली बैठकीची जागा. तिथे आबांची गादी, लोड, पानाचा डबा आणि भिंतीवर खुंट्यांना लावलेल्या टोप्या. तेव्हा नवा महाराष्ट्र झाला होता, पंचायत समित्या निघाल्या होत्या, आणि ज्याच्याकडे चार बरी वावरं आणि एक धुतलेलं धोतर होतं अशा प्रत्येकाला वाटू लागलं होतं की राज्य आपल्यावाचून अडून बसलं आहे. आबांना तर ते फारच वाटायचं. घरात ते 'मले' म्हणायचे. सपरीत चार माणसं जमली की 'मला' म्हणायचे. मलकापूरहून नाहीतर बुलढाण्याहून कोणी वजनदार पाहुणा आला की 'आम्हांस' म्हणायचे. पाहुणा वळणाआड गेला की पुन्हा आत डोकावून, "मले भाकर वाढा वं."

माझा मोठा भाऊ भास्कर, त्याला आम्ही दादा म्हणायचो. आबांचं वाक्य संपलं की "बराबर हाये" म्हणणं हा त्याचा जन्माचा व्यवसाय. शेती सालदार बघायचा, घर बाया बघायच्या, दादा मान हलवायचा. तो वाईट नव्हता, असं लोक अजून सांगतात. वाईट असायला सुद्धा थोडं कर्तृत्व लागतं. ते त्याच्याकडे नव्हतं.

मी नांदुऱ्याला मावशीकडे राहून सातवी पास झाले आणि पुढच्या हिवाळ्यात घरी परत आले. आणखी शिकून पोरीनं काय करायचं, या विषयावर आबांनी एक भाषण दिलं आणि तो विषय संपला. घरापासून लांब राहून आल्यावर आपलंच घर जरा परकं दिसतं, तसं मला दिसलं. सर्वांत आधी जाणवली ती घरातली विचित्र शांतता. सपरीत गलका, आणि मधल्या भिंतीच्या अलीकडे, स्वयंपाकघरात, नुसते भांड्यांचे आवाज. जात्याची घरघर, फुंकणीची फुंक, दुपारी लांबून ऐकू येणारी रेल्वेची शिट्टी. माणसाचा आवाज नाही.

ती शांतता माझ्या वयनीची होती. वयनी संग्रामपूरच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहानशा गावातली. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला पाहिलं होतं. बोलायला सुरुवात केली की थांबायची नाही, हसायला लागली की पदर तोंडात कोंबावा लागायचा. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिचं हसू सपरीपर्यंत गेलं. आबांनी मायला बोलावून सांगितलं की या घरात सुनेचा आवाज भिंतीपलीकडे येत नाही, आला नाही, येणार नाही. मायनं ते हुकूम म्हणून आत आणलं. मायनं स्वतः तरुणपणी हेच सोसलं होतं, म्हणून तिला वाईट वाटलं असेल असं कोणाला वाटेल. तिला बरं वाटलं. आपण जे गिळलं ते दुसऱ्यानंही गिळावं, यात बायकांना काय समाधान मिळतं ते मी पुढेही खूप घरांत पाहिलं.

भिंतीत झरोका होता, कुजबूजही पलीकडे जायची. मग वयनीनं बोलणंच टाकलं. जेवण तयार झालं की ती पाटावर वाटी आपटायची, दोनदा. पाणी हवं का विचारायचं तर तांब्यावर बोटानं टिचकी. कोणी दारात आलं तर कडी वाजवायची. हो म्हणजे मान, नाही म्हणजे जिभेचा 'च्'. माय अंथरुणावर पडल्या पडल्या त्या आवाजांना मानेनं, हातानं उत्तर द्यायची. मी आले तेव्हा ही भाषा घरात इतकी रुळलेली होती की कोणाला ती भाषा आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

आणि दिनू. दादा-वयनीचा मुलगा, तिसरं लागून बरेच दिवस झालेला, गोरा, गुबगुबीत, आणि अक्षरही न बोलणारा. 'माय' नाही, 'बाबा' नाही. भूक लागली की पाटावर वाटी आपटायचा, दोनदा. तहान लागली की तांब्याला टिचकी. बाहेर जायचं असलं की दाराशी जाऊन कडी वाजवायचा. नको असेल तर 'च्'. हे पाहून पहिल्याच दिवशी मला हसू आलं, कारण तो थेट वयनीसारखा करत होता. हसण्यासारखं त्यात काही नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं. बाकीच्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोरगं दिवसभर आईच्या कमरेला. आई त्याला भरवायची, धुवायची, निजवायची, मुके घ्यायची, सगळं मुक्यानं. सपरीतली माणसं त्याच्या डोक्यावरून राज्यकारभार बोलायची. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही.

परवा माझ्या नातीच्या मुलाला पुण्यात एका बाईंकडे नेलं होतं, दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही म्हणून. मीही गेले होते. त्या बाईंनी नातीला सांगितलं, जे कराल ते त्याला सांगत करा, त्याच्या हातात जे असेल त्याचं नाव घ्या, तुम्ही बोललात की थांबा आणि त्याला वेळ द्या. नात डोळे मोठे करून ऐकत होती, जणू वेद उतरत होते. घरी येताना गाडीत आई, बाप आणि पोरगं तिघंही आपापल्या फोनमध्ये. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मग आमच्या सपरीलाच काय नावं ठेवायची.

आबांना नातवाचं काही वाटत नव्हतं, तोवर बरं होतं. वाटायला लागलं ते एका पाहुण्यामुळे. निवडणुकीचं तिकीट कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्यांपैकी कोणी एक सपरीत आले होते. 'आम्हांस' सुरू होतं. आत आम्ही वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि शिरा करून घामाघूम झालो होतो. आबांनी दिनूला मागवून मांडीवर घेतलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "हा आमचा नातू. आमचा वारसा चालवणार. दिनकर, बोल बेटा, नमस्कार म्हण." दिनूनं पाहुण्यांच्या बशीतली बिस्किटं पाहिली, चमचा उचलला आणि कपावर दोनदा वाजवला. पाहुणे हसले. "आबासाहेब," ते म्हणाले, "तुम्ही याच्याही वाट्याचं बोलून टाकलेलं दिसतं." सपरी हसली. कुत्र्यांनीही शेपट्या हलवल्या असतील. गावात दुसऱ्या दिवशीपासून तेच वाक्य फिरलं: भाषणवाल्याचा नातू मुका.

मग उपाय सुरू झाले. आधी आबांनी दिनूच्या पाठीमागे परात बडवली. पोरगं दचकून वळलं, म्हणजे कान ठीक होते. मग मायनं सांगितलं की जीभ जड आहे. वेखंड मधात उगाळून जिभेला चोळलं, पोरगं ओकलं. पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घातला. पोपटासारखा बोलेल म्हणे. देवळातली घंटा काढून, उलटी धरून, तिच्यात पाणी ओतून ते पाजलं. घंटेला कधीचं तेल आणि शेंदूर लागलेला होता, पोट्ट्याला तीन दिवस जुलाब झाले. माय म्हणाली, गुण येऊन राह्यला, घाण बाहेर पडून राह्यली. मी रागानं म्हणाले, "माय, त्याच्याशी बोललं तं?" मायनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी म्हशीशी बोलायला सांगितलं. "ज्याले बोलता येत नाही त्याच्याशी बोलून काय उपेग वं?" ती म्हणाली. हे वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवलं आहे. मूर्खपणा इतक्या थोडक्यात सांगितलेला पुन्हा ऐकायला मिळाला नाही.

शेवटी आबांच्या सपरीतले खर्चे मास्तर पुढे आले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. शाळेत त्यांनी काय शिकवलं हे त्यांच्या विद्यार्थ्यांना आठवत नव्हतं, काय मारलं ते आठवत होतं. आबांचं प्रत्येक भाषण ऐकायला पहिले हजर, आणि शेवेच्या ताटाकडेही पहिले. ते म्हणाले, "आबासाहेब, मूल बोलत नाही याचं कारण एकच. त्याला बोलल्याशिवाय सगळं मिळतं. ठोकलं की हजर. मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. शब्द निघेल तेव्हा वस्तू मिळेल." आबांना ते पटलं, कारण दुसऱ्याला काही न देण्याचा कुठलाही उपाय आबांना पटायचा. पहिली अट अशी की आईला लांब ठेवायचं. ती ठोकलेलं ओळखते आणि देऊन टाकते.

पहिल्यांदा गूळ. मास्तर मुठीत गुळाचा खडा धरून बसायचे. "म्हण, गूळ. गू-ळ." दिनू त्यांच्या मुठीवर टिचकी मारायचा. अर्ध्या तासानं मास्तर स्वतःच तो खडा खायचे. मग दूध. दुधाची वाटी समोर ठेवायची आणि उचलून घ्यायची. पोरगं रडून रडून झोपायचं, आणि ते झोपलं की वयनी त्याला मांडीवर घेऊन, झोपेतच, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची. भिंतीच्या अलीकडे बसून ती रोज ऐकत होती. धापोड्याचं पीठ घाटताना तिचा हात मध्येच थांबायचा. ज्वारीच्या पिठाचे ते पापड आम्ही त्या दिवसांत सकाळी घराच्या धाब्यावर घालायचो. वर, उघड्यावर, आबांचे कान पोचत नव्हते. तिथे एकदा ती मला हळूच म्हणाली, "कुसुमबाई, म्या रातच्याले त्याच्या कानात बोलतो. पन निस्तं फुसफुस. फुसफुशीतून पोरगं काय शिकन?" तिचा आवाज मी बऱ्याच काळानं ऐकत होते. तो खरखरीत झाला होता, न वापरलेल्या कडीसारखा.

त्या दिवशी ऊन फार होतं. वैशाखातल्या दुपारी आमच्याकडे गरम वाऱ्याची लू चालते, दारं लोटून घ्यावी लागतात. सपरीतही बांबूचे तट्टे सोडलेले होते. आत काळोख, गादीवर आबा, शेजारी दादा, पान खायला आलेले दोन-तीन जण, आणि मधोमध मास्तर आणि दिनू. मास्तर जाहीर करून बसले होते की आज पाणी. गूळ आणि दूध यांवाचून माणसाचं चालतं, पाण्यावाचून चालत नाही, म्हणून आज निकाल लागणार. घडवंचीवरचा माठ दिनूला दिसेल असा ठेवला होता. माठाला ओलं फडकं, थेंब थेंब खाली पडत होता.

"म्हण बाळ. पाणी. ओठ मिटायचे, मग उघडायचे. पा."

दिनूनं रिकामं फुलपात्र जमिनीवर टक टक वाजवलं.

"ठोकायचं नाही. म्हणायचं."

टक टक.

"आज सोडाचं नाही मास्तर," आबा म्हणाले. "आज पोट्टं बोल्लंच पाह्यजे."

"बराबर हाये," दादा म्हणाला.

पोरगं रडलं. मग मोठ्यानं रडलं. मग रडणं कोरडं पडलं आणि नुसती उचकी राहिली. मी झरोक्यातून पाहत होते. त्याची जीभ ओठांवरून फिरत होती आणि ओठ ओले होत नव्हते. फुलपात्र अजून हातात होतं, पण वाजवायला जोर उरला नव्हता. मी तांब्या भरून घेतला आणि सपरीत गेले. "आबा, त्याचे ओठ सुकले."

"तू मधात नको बोलू. आत जाय."

"आबा, पण..."

"आत जाय म्हनलं ना!"

मी दादाकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. त्या अंगठ्यात त्याला काय दिसत होतं कोणास ठाऊक, पण आयुष्यातले सगळे कठीण प्रसंग त्यानं तिथेच पाहिले.

माझ्या हातातला तांब्या मागून कोणीतरी काढून घेतला. वयनी होती. डोक्यावर पदर, हात पिठानं भरलेले. उंबरठा ओलांडून ती सपरीत आली. लग्नाच्या दिवसानंतर ती प्रथमच तिथे येत होती. ती कोणाकडेही न बघता खाली बसली, दिनूला मांडीवर घेतलं, फुलपात्रात पाणी ओतलं आणि त्याच्या ओठांना लावलं. आणि बोलली. मोठ्यानं, साध्या आवाजात, जसं कोणीही आई बोलते तसं.

"घे माह्या राजा. हे पानी हाये. माठातलं पानी. थंडगार. हयू हयू पे, नाही तं ठसका लागन. अजून पाह्यजे? अजून देतो. पानी."

आबांच्या गालात पान तसंच राहिलं. दिनूनं फुलपात्र रिकामं केलं आणि तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. दिवसाउजेडी त्या तोंडातून आवाज येतो हे तो बहुतेक पहिल्यांदाच पाहत होता. त्यानं तिचा पिठाचा हात धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या ओठांना लावलं.

"सूनबाई," आबा म्हणाले. आवाज भाषणाचा नव्हता.

"मामाजी," वयनी म्हणाली. बोलताना ती दिनूकडेच बघत होती. "लेकरू बोलन तं कोनाचं आयकून बोलन? त्याची माय त्याच्यासमोर भांडे वाजवते. तेही भांडेच वाजवते. जे शिकवलं ते बराबर शिकलं."

मास्तर खाकरले. "बाई, याच्यामागं शास्त्र आहे, मुलाला गरज पडली..."

"मास्तर, तुमच्या घशाले कोरड पडली तं तुमी आदी पानी पेता का आदी भाषन करता?"

पान खाणाऱ्यांपैकी एक जण हसला. ते हसणं आबांना सोसलं नाही. सुनेचं बोलणं कदाचित त्यांनी गिळलं असतं, हसणं गिळलं नाही. ते उठले, टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "भास्कर, हिले हिच्या बापाच्या घरी घालून दे. उद्याच्या उद्या."

आणि माझा भाऊ, स्वतःच्या बायकोबद्दल, स्वतःच्या पोरासमोर, म्हणाला, "बराबर हाये."

गावाला संशय येऊ नये म्हणून मायनं वयनी आणि दिनूसोबत मलाही धाडलं. नणंद-भावजय माहेरपणाला गेल्या असं सांगता येईल. अब्रू झाकण्याच्या कामात आमचं घर नेहमीच तत्पर. वयनीच्या माहेरी मी पूर्वी कधी गेले नव्हते. दोन खोल्या, पुढे निंबाचं झाड, चार शेळ्या, आणि मागे निळा सातपुडा. तिच्या वडिलांना सगळे बापू म्हणत. बापू शेळ्यांशी बोलायचे, चुलीशी बोलायचे, तुटलेल्या चपलेशी भांडायचे. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी दिनूला विचारलं, "काय बे, पाटील, जेवले काय?" आणि त्याच्यासमोर उकिडवे बसून खरोखरच उत्तराची वाट पाहिली. दिनू 'च्' म्हणाला. "नाही? मंग चाल, कयन्याची भाकर हाये, ठेचा तुह्या मायसाठी, तुले दही."

वयनी पहिले दोन दिवस अडखळत बोलायची. मग सुटली. धरण फुटावं तशी नव्हे, रोजच्या नळासारखी, काम करता करता, अखंड. "आता आपन चूल पेटवू. हे पऱ्हाटी, कपाशीची काडी. कशी मोडते? कट्. मोडली. आता तू मोड. हाव, मोडली! हे तवा. तवा तापला. हात नाही लावाचा." एक वाक्य बोलायची आणि दिनूच्या तोंडाकडे बघत थांबायची, जणू आता त्याची पाळी. तो नुसता 'अं' म्हणाला तरी, "हाव काय? मंग?" असं म्हणून पुढे जायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. बापू तिच्याशी असेच बोलत आले होते.

लगेच काही झालं नाही. गोष्टीतल्यासारखं पाणी प्यायलं आणि वाचा फुटली असं सांगणारे लोक नंतर आमच्याच घरात निघाले, पण मी तिथे होते. बरेच दिवस तो नुसता ऐकत होता, आईच्या ओठांकडे बघत, कधी स्वतःचे ओठ हलवत. भांडी वाजवणं हळूहळू कमी झालं. मग एका सकाळी बापू शेळीच्या पिलाला हाक मारत होते, "ये वं, ये, ये." पिलू निंबाखाली खेळत होतं, येत नव्हतं. दिनू अंगणात उभा होता. तो म्हणाला, "ये."

पिलू आलं. बहुतेक त्याच्या हातातल्या भाकरीसाठी आलं असेल. पण आलं. दिनूनं पिलाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आपण काही ठोकलं नाही, काही वाजवलं नाही, आणि कोणीतरी आलं. "ये," तो कोंबडीला म्हणाला. "ये," निंबाला म्हणाला. सातपुड्याकडे हात करून "ये!" वयनी चुलीपासून धावत आली आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "आली, माह्या राजा, हे पाह्य, आली." दिवसभर तो तिला बोलवत राहिला आणि दिवसभर ती येत राहिली. त्या दिवशी भाकरी करपल्या. मी आयुष्यात खाल्लेल्या सगळ्यात चांगल्या भाकरी त्या.

त्यानंतर शब्द येऊ लागले. दे, नोको, भाकल, पानी. मग दोन दोन शब्द. मग 'काऊन', म्हणजे 'का', आणि एकदा तो शब्द आला की कोणाची सुटका नाही. शेयी काऊन? निंब काऊन? बापू प्रत्येक 'काऊन'चं उत्तर द्यायचे, आणि उत्तर माहीत नसेल तर तेही सांगायचे. आमच्या सपरीत 'मले माहीत नाही' हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

पोळ्याच्या आधी दादा घ्यायला आला. आबांनी धाडलं होतं. पाहुण्यांच्या जेवणावळी सुरू झाल्या होत्या, आणि मायच्या हातच्या पोळीतून पुरण फुटत होतं. दादानं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "आबा म्हनते, झालं ते झालं. घरी या."

"आबा काय म्हनते ते आयकलं," वयनी म्हणाली. "तुमी काय म्हनता?"

दादा अंगठ्याकडे पाहू लागला. त्याला आजवर हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दिनू आईच्या लुगड्याला धरून उभा होता. त्यानं या माणसाला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"माय, हा कोन हाये?"

अख्खं वाक्य. दादानं मान वर केली. आपला पोरगा बोलतो हे त्याला पहिल्यांदा कळलं, आणि तो काय बोलला हेही. वयनी दादाकडे बघत थांबली, जशी दिनूसाठी थांबायची तशी. दादाचे ओठ हलत होते. शेवटी तो खाली बसला आणि म्हणाला, "म्या... म्या तुहा बाप हाये, दिनू."

"काऊन?" दिनू म्हणाला.

बापू हसत हसत बाहेर निघून गेले. दादा रडायला लागला. मला त्याची दया आली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. मला वाटलं, चला, एक तरी वाक्य याचं स्वतःचं निघालं. वयनी म्हणाली, "म्या येतो. पन मुकी होऊन नाही येनार. हे घरी जाऊन सांगा, अन् तुमच्या तोंडानं सांगा." त्यानं सांगितलं असावं, कारण आम्ही परत गेलो तेव्हा आबांनी वयनीशी बोलणं सोडलेलं होतं. ते त्यांनी मरेपर्यंत सोडलं. शिक्षा म्हणून. वयनी स्वयंपाकघरात मोकळ्या आवाजात बोलायची, दिनूला गोष्टी सांगायची, हसायची, आणि आबांच्या शिक्षेसारखं सुख त्या घरात तिला दुसरं मिळालं नाही. दादा सुधारला असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी तो दिनूला घेऊन वावराकडे जायचा आणि दिनू विचारील त्याची उत्तरं द्यायचा, एवढं खरं.

आणि सपरीत? सपरीत आबा पाहुण्यांना सांगत होते की आमच्या मास्तरांनी एका दुपारी नातवाला बोलतं केलं. पाणी तोडलं, आणि वाचा फुटली. मास्तर नम्रपणे मान खाली घालायचे. मी संतापून आत आले, तर वयनी म्हणाली, "सांगू द्या, कुसुमबाई. बोल्ल्याशिवाय त्याइचं अन्न पचत नाही." पण ही थाप नुसती थाप राहिली नाही. आजूबाजूच्या गावांतले लोक आपली न बोलणारी पोरं घेऊन मास्तरांकडे येऊ लागले, थेट आमच्या सपरीत. तेव्हा वयनीचं हसू गेलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक पोरसवदा बाई सासऱ्याबरोबर आली. कडेवर मुलगी, दिनूएवढीच. सासरा सपरीत मास्तरांपाशी बसला, चहा आला, भाषण सुरू झालं. ती बाई मुलीला घेऊन मागच्या दारी उभी राहिली. वयनीनं तिला आत घेतलं, पाट दिला, आणि आधी मुलीला पाणी पाजलं, "पानी" असं म्हणून. मग त्या बाईच्या समोर बसली.

"सासरी तू बोलतं काय वं?" तिनं विचारलं.

त्या बाईनं सपरीच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून.

वयनीनं परात बाजूला सरकवली. "मंग बस," ती म्हणाली. "पयले तू बोल."